'खाण तशी माती' : एका म्हणीचा अर्थ आणि तिच्या मर्यादा

मागील घटकात आपण म्हण आणि वाक्प्रचार यांतील भेद पाहिला. वाक्प्रचार वाक्यात विरघळतो, काळ-पुरुषाप्रमाणे रूप बदलतो. म्हण मात्र स्वतःच एक पूर्ण विधान असते आणि कोणी काही केले तरी सहसा आपले रूप बदलत नाही. या घटकात आपण अनेक म्हणींची यादी पाहणार नाही. एकच म्हण घेऊन तिच्याजवळ थोडे थांबणार आहोत.

बारशाला जमलेल्या बायका पाळण्यात डोकावतात तेव्हा पहिला विषय निघतो तो तोंडवळ्याचा. नाक आजीचे, कपाळ बापाचे, हनुवटी मामाची. आईकडच्या माणसांना बाळात आईकडची चिन्हे दिसतात, वडिलांकडच्यांना वडिलांकडची. बाळ मात्र दोन्ही पक्षांकडे पाहून सारखीच जांभई देते. साम्य शोधण्याची ही हौस मराठी भाषेत खोलवर उतरली आहे. मुलगा बापावर जातो, मुलगी आईच्या वळणावर जाते, भाऊ-भाऊ एका साच्यातून काढल्यासारखे दिसतात. या साऱ्या बोलण्यातील सर्वांत आटोपशीर आणि सर्वांत अधिकारवाणीचे वाक्य म्हणजे 'खाण तशी माती'.

काही वर्षांपूर्वी एका संपर्क सत्रात ही म्हण मी फळ्यावर लिहिली आणि अर्थ विचारला. मागच्या बाकावरून चाळिशीच्या एक विद्यार्थिनी उभ्या राहिल्या. अर्थ सांगण्याऐवजी त्यांनीच मला विचारले, "सर, ही म्हण खरी मानायची का?" त्यांच्या मुलीला गणितात कमी गुण मिळाले तेव्हा वर्गशिक्षकांनी इतर पालकांदेखत ही म्हण उच्चारली होती. बाई स्वतः शाळेत गणितातच अडखळल्या होत्या, हे गावातल्या सगळ्यांना ठाऊक होते. "मी त्या दिवशी काही बोलले नाही. येताना या अभ्यासक्रमाचा अर्ज तेवढा घेऊन आले," असे त्या म्हणाल्या. मी त्या वेळी दिलेले उत्तर अपुरे होते. म्हणी खऱ्या-खोट्या नसतात, त्या प्रसंगानुसार वापरल्या जातात, असे काहीसे मी म्हणालो. ते चूक नव्हते, पण बाईंचा प्रश्न त्याने सुटत नव्हता.

शब्द आणि रचना

प्रथम शब्द पाहू. 'खाण' हा शब्द खणणे या अर्थाच्या संस्कृत 'खन्' धातूशी जोडलेला आहे. जेथून माती, दगड वा धातू खणून काढतात ती खाण. लक्षणेने ती कोणत्याही गोष्टीचे उगमस्थान होते. आपण एखाद्या व्यक्तीला 'गुणांची खाण' म्हणतो ते यामुळेच. पण मराठीत या शब्दाला आणखी एक जुनी अर्थच्छटा आहे. संतसाहित्यात सजीव सृष्टीच्या 'चार खाणी' सांगितल्या जातात : जारज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज, म्हणजे गर्भातून, अंड्यातून, घामातून किंवा उबेतून आणि जमीन फोडून जन्मणारे जीव. येथे खाण म्हणजे जन्माचा प्रकार, योनी. तेव्हा आपल्या म्हणीतील खाण ही केवळ मातीचा खड्डा राहत नाही. जन्मस्थानाचा अर्थ तिला सहज येऊन चिकटतो. कुटुंबाबद्दलची म्हण म्हणून ती इतकी चपखल बसते याचे एक कारण हे असावे.

आता रचना पाहा. या म्हणीत क्रियापद नाही. मूळ वाक्य 'जशी खाण असते तशी माती असते' असे मानले, तर त्यातून 'जशी' गेले आणि दोन्ही 'असते' गेली. राहिले तीन शब्द. 'देश तसा वेश', 'बाप तसा बेटा' या म्हणी याच साच्यातील आहेत. मराठीतील 'जसा–तसा' या सहसंबंधी रचनेचा हा सर्वांत संक्षिप्त अवतार होय. 'तशी' हे विशेषण कोणाशी जुळते तेही लक्षात घ्या. ते मातीशी जुळते, खाणीशी नव्हे. 'बाप तसा बेटा' यात दोन्ही नामे पुल्लिंगी असल्यामुळे ते कळत नाही, पण 'राजा तशी प्रजा' म्हटले की लगेच दिसते : 'तशी' हे प्रजेचे विशेषण आहे. वर्णन ज्याचे करायचे ते दुसरे नाम. पहिले नाम केवळ माप म्हणून उभे असते. माप कधी तपासले जात नाही.

क्रियापद नसल्याचा परिणाम अर्थावर होतो. क्रियापद नाही म्हणजे काळ नाही. काळ नाही म्हणजे 'झाले', 'होत आहे', 'होईल' यांतील फरकही नाही. 'बहुधा', 'कधीकधी', 'बऱ्याच अंशी' अशा शब्दांना या तीन शब्दांत कोठे जागाच नाही. त्यामुळे एका निरीक्षणाला नियमाचा थाट येतो. समजा, एखादा शेजारी म्हणाला, "रामभाऊंचा मुलगा रामभाऊंसारखाच तापट आहे." यावर आपण "नाही हो, परवा किती शांतपणे बोलला" असे म्हणू शकतो, कारण ते एका माणसाबद्दलचे विधान आहे. पण तोच शेजारी "खाण तशी माती" म्हणाला, तर उत्तर कोणाला द्यायचे? शेजाऱ्याला की परंपरेला? म्हण उच्चारणारा माणूस आपल्या मताची जबाबदारी पूर्वजांवर टाकून मोकळा होतो.

कोण म्हणते, कोणाविषयी

शालेय व्याकरणाच्या पुस्तकांत या म्हणीचा अर्थ 'आईवडिलांप्रमाणे मुलांची वर्तणूक असणे' असा काहीसा दिलेला आढळतो. तो ठीकच आहे, पण अपुरा आहे. म्हणीचा अर्थ तिच्या शब्दांत जेवढा असतो तेवढाच तिच्या वापरातही असतो. १८९९ साली आल्फ्रेड मॅनवेअरिंग यांनी मराठी म्हणींचा इंग्रजी भाषांतरासह संग्रह प्रसिद्ध केला, पुढे य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' सिद्ध केला. अशा संग्रहांचे ऋण मोठे आहे. तरी संग्रहात आलेली म्हण ही टाचणीने टोचलेल्या फुलपाखरासारखी असते. ती कोणत्या ओट्यावर, कोणाच्या तोंडून, कोणाला ऐकू जाईल अशा बेताने बोलली गेली हे तेथे कळत नाही.

वरकरणी ही म्हण स्तुतीलाही चालते आणि निंदेलाही. कीर्तनकाराच्या मुलाने पहिल्याच कीर्तनात सभा जिंकली, तर कौतुकाने 'खाण तशी माती' म्हणता येते. परंतु आपल्या कानावर ती अधिक वेळा कोणत्या सुरात पडते, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. माझा अनुभव असा की कौतुक समोर होते आणि निंदा पाठीमागे. आणि ही म्हण पाठीमागे जास्त बोलली जाते. सून चुकली की सासर तिच्या माहेराकडे बोट दाखवते. मुलगा शिकला तर तो बापाचा गुण ठरतो, आणि बिघडला की आईच्या लाडाचा उल्लेख निघतो. म्हणजे साम्य कोणते पाहायचे हेच नव्हे, तर खाण कोणती धरायची हेही बोलणारा आपल्या सोयीने ठरवतो. आई, वडील, आजोळ, गाव, जात अशा अनेक खाणी जवळपास असताना नेमकी एक उचलली जाते.

'माती' या शब्दातही एक बारीक तुच्छता दडलेली आहे. 'माती होणे', 'मातीमोल', 'माती खाणे' हे शब्दप्रयोग कान विसरत नाहीत. 'खाण तसे रत्न' अशी म्हण आपल्याकडे रूढ झाली नाही, हे सहज जाता जाता नोंदवतो.

मातीचे म्हणणे

म्हणीतील प्रतिमा तरी शब्दशः खरी आहे का? महाराष्ट्रापुरते पाहू, कारण याचे उत्तर आपल्या पायांखालीच आहे. दख्खनच्या पठाराचा बहुतेक भाग बेसॉल्ट या काळ्या खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हाचे थरावर थर पसरून तो बनला. याच खडकाची झीज होऊन विदर्भ-मराठवाड्यातील कापसाची काळी जमीन, म्हणजे रेगूर, तयार झाली. आणि रत्नागिरीकडची जांभ्याची तांबडी माती? तिच्याखालीही बहुतांशी तोच बेसॉल्ट आहे. खाण एक, माती दोन. एक काळी, चिकट, ओल धरून ठेवणारी, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी. दुसरी तांबडी, पाणी न धरणारी, आंबा-काजूला मानवणारी.

फरक पडला तो मधल्या पावसाने. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर आणि त्याहूनही अधिक पाऊस कोसळतो. तो खडकातील चुना व सिलिका धुऊन नेतो आणि मागे लोह व ॲल्युमिनियमची संयुगे उरतात. त्यांतील लोहाने माती लाल होते. घाटमाथ्याच्या पूर्वेला पाऊस कमी, त्यामुळे चुना आणि चिकणमातीचे कण जागच्या जागी राहतात. उतार, झाडोरा आणि काळ यांचाही वाटा असतोच. म्हण खाण पाहते, माती पाहते. मधला पाऊस पाहत नाही.

कुंभाराला हे भूगोलाच्या पुस्तकाविनाच ठाऊक असते. खणून आणलेली माती तो जशीच्या तशी चाकावर चढवत नाही. ती वाळवतो, कुटतो, चाळतो, भिजवतो, राख किंवा लीद मिसळून पायांनी तुडवतो; मग चाक, मग थापटणे, मग आवा. एकाच ढिगातील मातीची दोन मडकी, एक आव्यात नीट भाजले गेले आणि एक कच्चे राहिले, तर पाणी भरल्यावर त्यांचे वेगळेपण कळते.

भाषेनेच ठेवलेले प्रतिपक्ष

एखाद्या समाजाच्या म्हणी म्हणजे त्याचे एकमुखी तत्त्वज्ञान, अशी समजूत पुष्कळदा दिसते. ती टिकणारी नाही. म्हणी एकमेकींशी भांडतात. 'खाण तशी माती' म्हणणाऱ्याच मराठीत 'उसाच्या पोटी कापूस' आहे आणि 'सूर्यापोटी शनैश्वर'ही आहे. या दोन म्हणी अपवाद नोंदवतात, पण त्यांचा रोख पहिल्या म्हणीच्या विरुद्ध नाही. उसापोटी ऊसच यायला हवा होता ही अपेक्षा त्या गृहीत धरतात. म्हणून तर कापसाचे आश्चर्य. शिवाय चांगल्याच्या पोटी वाईट निपजल्याचे दुःख त्या सांगतात. दरिद्री, अशिक्षित किंवा बदनाम घरात गुणी मूल जन्मले याची तेवढीच रूढ म्हण शोधू लागलो तर 'चिखलात कमळ' यासारख्या शब्दप्रयोगापर्यंत येऊन थांबावे लागते, आणि त्यातही घराला चिखल म्हटलेलेच आहे.

खरा प्रतिवाद करते ती वेगळीच म्हण : 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.' ढवळ्या म्हणजे पांढरा बैल. पवळ्या हे दुसऱ्या रंगाच्या बैलाचे नाव. 'वाण' हा शब्द संस्कृत 'वर्ण' वरून आला. बैलाचा रंग शेजाराने बदलत नाही, पण स्वभाव बदलतो, असे शेतकऱ्याचे निरीक्षण. जे जन्माने येते आणि जे संगतीने येते यांची इतकी नेटकी विभागणी केलेली म्हण मला दुसरी आठवत नाही. तिची रचनाही पाहा. येथे क्रियापदे आहेत आणि ती भूतकाळी आहेत : 'बांधला', 'लागला'. काहीतरी घडले आहे. कोणीतरी पवळ्याला तेथे बांधले, म्हणून हे झाले. दुसरीकडे बांधला असता तर दुसरे झाले असते. पहिल्या म्हणीत नियम आहे, या म्हणीत गोष्ट आहे. गोष्टीत 'का' आणि 'कोणी' हे प्रश्न विचारता येतात.

भाषेचा अभ्यासक म्हणून मला दुसऱ्या म्हणीचे विशेष अगत्य वाटते, कारण भाषा ही रक्ताने येत नाही. बोलण्याची क्षमता मूल जन्मतः घेऊन येते. कोणती भाषा बोलायची हे मात्र भोवतालचे आवाज ठरवतात. खुद्द भाषांच्या बाबतीतही आपण कुटुंबाची भाषा वापरतो : भाषाकुल, जननी, भगिनीभाषा. संस्कृत–प्राकृत–अपभ्रंश या परंपरेतून मराठी, गुजराती, हिंदी, बांगला या भाषा आल्या, असे आपण दुसऱ्या घटकात पाहिले. संस्कृतात तीन लिंगे होती. मराठी, कोंकणी व गुजराती यांनी तिन्ही राखली, हिंदीने नपुंसकलिंग सोडले आणि बांगलाने व्याकरणिक लिंगभेदच जवळजवळ टाकून दिला. खाण एकच होती. उलट 'आम्ही' आणि 'आपण' हा मराठीतील भेद घ्या. 'आम्ही जाऊ' म्हटले की ऐकणारा वगळला जातो. 'आपण जाऊ' म्हटले की तोही त्यात येतो. संस्कृतच्या 'वयम्' मध्ये हा भेद नाही. तेलुगूत मात्र 'मेमु' आणि 'मनमु' असा, तमिळमध्ये 'नांगळ्' आणि 'नाम्' असा तो स्पष्ट आहे. मराठीत हा गुण द्राविड भाषांच्या शेजाराने दृढ झाला, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे ढवळ्या-पवळ्याच. भाषांची वंशवृक्षाची कल्पना अपुरी वाटू लागल्यावर १८७२ मध्ये योहान्नेस श्मिट या जर्मन अभ्यासकाने लाटेची कल्पना मांडली : भाषिक बदल पाण्यातील तरंगांप्रमाणे शेजारून शेजारी पसरतात. वंश आणि शेजार या दोन्ही कल्पना हाताशी ठेवल्याखेरीज एकाही भाषेचा इतिहास लिहिता येत नाही.

'घराणे' हा शब्द याच सीमारेषेवर उभा आहे. एरवी घराणे म्हणजे कुळ. संगीतात घराणे म्हणजे शिकवण्याची परंपरा. हिराबाई बडोदेकर या अब्दुल करीम खाँ यांच्या कन्या. गळा वडिलांचा, असे कोणी म्हटले तर त्याला नाही म्हणता येणार नाही. पण त्यांची तालीम प्रामुख्याने किराणा घराण्यातील अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे झाली. आणि अब्दुल करीम खाँ यांची गायकी ज्यांनी पुढे नेली ते सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, त्यांच्या रक्ताचे नव्हते. भीमसेन जोशी व गंगूबाई हनगल यांच्यापर्यंत ती गायकी पोचली ती या वाटेने.

म्हण जेव्हा निवाडा होते

ही म्हण सर्वस्वी खोटी आहे, असे मला म्हणायचे नाही. उंची, वर्ण, केसांची ठेवण यांत मुले आईवडिलांसारखी असतात हे उघड आहे. पण तेथेही ती पूर्ण लागू पडत नाही. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये २०५ जोडप्यांची आणि त्यांच्या ९२८ प्रौढ अपत्यांची उंची पडताळली. उंच आईवडिलांची मुले सरासरीहून उंच होती, मात्र साधारणपणे आईवडिलांइतकी नव्हती. बुटक्यांची मुले बुटकी होती, पण तितकी नव्हती. दोन्ही टोके सरासरीकडे सरकत होती. गंमत अशी की ज्यांच्या आकड्यांनी वंशाची ही मर्यादा दाखवली, त्याच गाल्टननी 'चांगल्या' वंशाची निपज वाढवण्याच्या शास्त्राला १८८३ मध्ये नाव दिले होते, आणि त्या विचाराने पुढे जगात पुष्कळ अनर्थ केला.

अनर्थासाठी दूर जाण्याची गरज नाही. १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यामागचा युक्तिवाद ऐकावा : हिंदुस्थानात धंदे जातीने चालतात, सुताराचा मुलगा सुतार होतो, तेव्हा काही जमातींत गुन्हा हाच पिढीजात धंदा असला पाहिजे. म्हणजे 'खाण तशी माती' हेच, फक्त राजमुद्रा उमटवून. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था ब्रिटिश हिंदुस्थानभर लागू करता येऊ लागली. नोंद झालेल्या जमातीत मूल जन्मले की संशयाचा शिक्का त्याच्यासाठी तयार असे. पोलिसांकडे हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडण्यास बंदी, तारेच्या कुंपणातील वसाहती. सोलापुरात अशी मोठी वसाहत होती. 'सेटलमेंट' हा शब्द तेथील वस्तीच्या नावात अजून टिकून आहे. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला. या जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या आणि ३१ ऑगस्ट हा दिवस त्या विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा एका तारखेला संपतो. म्हण संपत नाही. चोरी झाली की पोलीस प्रथम कोणत्या पालावर जातात, हे ग्रामीण भागातील आपल्यापैकी पुष्कळांना सांगावे लागणार नाही.

लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ही आत्मकथने आपल्या अभ्यासक्रमात पुढे येतील. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. त्यांतील शीर्षके पाहा : एक समाजाने दिलेली उपेक्षा सांगते, दुसरे समाजाने लावलेले नाव. ती वाचताना मूल शाळेच्या उंबरठ्याशी येते ते प्रसंग विशेष लक्ष देऊन वाचावेत. तेथे कोणी ही म्हण शब्दशः उच्चारते की नाही हा प्रश्न गौण आहे. ती न उच्चारताही चालवली जाते.

त्या विद्यार्थिनींना आज उत्तर द्यायचे झाले, तर मी असे म्हणेन. म्हण मागे वळून वापरली जाते तेव्हा ती दिसलेल्या साम्याचे वर्णन असते आणि तेवढ्यापुरती ती अनेकदा खरी असते. पुढे पाहून, अजून घडायच्या मुलाविषयी वापरली की ती भाकीत होते, आणि भाकीत करण्याचा अधिकार तिला व्याकरणानेही दिलेला नाही. तिच्यात भविष्यकाळ नाहीच. शिक्षकांनी वर्णन म्हणून बोललेले वाक्य मुलीने भाकीत म्हणून ऐकले. तिचे गणित कच्चे राहण्याला आईचे रक्त कारण होते की घरी शिकवायला कोणी नसणे, हे न तपासताच.

उपक्रम : पुढील पंधरा दिवसांत ही म्हण किंवा याच अर्थाचे दुसरे बोलणे कानावर आले तर वहीत नोंद करा. कोणी म्हटले, कोणाविषयी, ती व्यक्ती तेथे हजर होती का, सूर कौतुकाचा होता की दोष देण्याचा, आणि खाण म्हणून नेमके कोणाला धरले होते, एवढे लिहावे. आपल्या बोलीत म्हणीचे रूप वेगळे असल्यास ते उच्चाराप्रमाणेच लिहावे, प्रमाण मराठीत दुरुस्त करू नये. वही संपर्क सत्राला बरोबर आणावी.